शिरीषाखालची हळद

प्रतिक्षा भित्री आहे हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिलाही कधी वाटलं नव्हतं. कुत्रं आडवं आलं की ती रस्ता बदलायची. वीज कडाडली की फोन बंद करून उशीखाली ठेवायची. एकदा अंगणवाडीच्या धान्याच्या कोठीत तिला साप दिसला. सगळी पोरं घेऊन ती देवळात जाऊन बसली, आणि सरपंच हैबतराव काठी घेऊन आत गेले तर तो कुणाचा तरी जुना कमरेचा पट्टा निघाला. दुसऱ्या खेपेला कसला तरी उग्र वास आला म्हणून तिने दुपारच्या आतच अंगणवाडी सोडून दिली. शेजारच्या घरात खिडक्यांना रंग लावत होते.

तेव्हापासून लोक तिला हसायचे, पण प्रेमाने हसायचे. पोरं तिच्यावर जीव टाकायची. आणि ती सेविका होऊन आल्यापासून त्या अंगणवाडीत एकाही पोराला साधी खोक पडली नव्हती, हेही आयांना ठाऊक होतं.

तिची मदतनीस धोंडुबाई अगदी उलटी. वयाने मोठी, अंगाने दांडगी, बोलायला फटकळ. भरलेला सिलेंडर एकटीने सरकवायची. प्रतिक्षा घाबरली की ती म्हणायची, "तू भी गो, मी काम करतंय."

हायवेवरच्या खांब गावाच्या नाक्यावरून आत वळलं की वाडीच्या तोंडाशीच अंगणवाडी. एक खोली, मागे स्वयंपाकाची पडवी, वर पत्रे. आणि पश्चिमेच्या अंगाला शिरीषाचं थोरलं झाड. त्याच्या फांद्या खोलीवरून पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेलेल्या. भर मे महिन्यातसुद्धा खोलीत पंखा लागत नसे. त्या सावलीचं सगळ्यांना कौतुक होतं, पण तिच्याखाली गवताची काडी उगवत नव्हती.

सुपरवायझर मॅडमनी सांगितलं की प्रत्येक अंगणवाडीला परसबाग झालीच पाहिजे, आणि हा सगळा प्रकार सुरू झाला. प्रतिक्षाने मेथी पेरली, भेंडी लावली. रोपं आली ती सुतासारखी बारीक, पिवळी, आणि आठवड्याभरात आडवी झाली. ऊन नाही म्हणून असं होतं, असं धरून तिने सावलीत येणारी रोपं आणली. अळू, आलं, हळद. सासरच्या परड्यात आंब्याखाली हळद माजायची, ते तिने पाहिलं होतं. पण इथे हळदीनेही मान टाकली.

धोंडुबाईने खुरपं घेऊन जमीन खरवडली. वरची मूठभर माती गेली आणि खाली मुळांचं जाळं दिसलं, काथ्याच्या गादीसारखं घट्ट. खुरप्याचं टोक आत जाईना.

"उन्हाचं नाय गो," धोंडुबाई म्हणाली. "पाणी घालतेस तू, आन पितो हा."

मग प्रतिक्षाने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या. चांगली माती, शेणखत भरलं, पाणी निचरायला बुडाला भोकं पाडली आणि त्यात हळदीचे कोंब लावले. गोण्या झाडाखाली ओळीने मांडल्या. यंदा हळद येणार, असं तिने मॅडमना फोनवर सांगूनही टाकलं. कोंब फुटले, पानं उलगडली, आणि मग गोण्यांतली हळदही पिवळी पडू लागली. माती बदलायची म्हणून ती एक गोणी उचलायला गेली तर ती जागची हलेना. दोघींनी मिळून ओढली, तेव्हा टर्रकन आवाज होऊन गोणी सुटली. आत माती म्हणून दिसत नव्हती. बुडाच्या भोकांतून शिरीषाची मुळं वर चढली होती आणि गोणीचा आकार घेऊन गच्च बसली होती. हळदीचा गड्डा त्यांनी मुठीत धरल्यासारखा वेढून टाकला होता.

धोंडुबाई हसली, पण प्रतिक्षाच्या अंगावर काटा आला. आपण खोलीत पोरांना गाणी शिकवत होतो तेव्हा जमिनीखालून काहीतरी सरपटत वर येत होतं, हे तिच्या डोक्यातून जाईना.

वाडीतल्या प्रणितचा जेसीबी होता. हायवेच्या कामावर तो चालवायचा. त्याची मुलगी मनस्वी अंगणवाडीतच होती. गोणीची गोष्ट त्याच्या कानावर गेली आणि मे महिन्याच्या अखेरीस तो जेसीबी घेऊन आपण होऊन आला. म्हणाला, बाई, मुळांचा बंदोबस्त करून टाकू, मनस्वीची शाळा आहे, माझं कामच समजा. खोदायचं कुठे, ते प्रतिक्षानेच दाखवलं. झाडाच्या पश्चिमेला, खोलीच्या विरुद्ध बाजूला, संध्याकाळचं तिरपं ऊन थोडं तरी यायचं.

बकेटचे दात जमिनीत घुसले. बारीक मुळं चराचरा तुटली. मग एक मांडीएवढं मूळ लागलं. इंजिन गुरगुरलं, मूळ ताणलं गेलं आणि फाटकन तुटलं, तसं वर अख्खं झाड थरारलं. वाळक्या शेंगांचा सडा पडला. बस कर म्हणून प्रतिक्षाने हात हलवला, पण प्रणितचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याने दोन चर मारले, एक तर बुंध्याच्या अगदी जवळून.

बघायला समोरच्या मिरियमबाई आल्या होत्या. त्या कोकणातल्या ज्यू कुटुंबातल्या, रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांची माणसं एकेक करून इस्रायलला गेली, मुलगी तर रोज व्हिडिओवरून बोलवायची, पण त्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या अंगणातल्या आंब्याखाली नेचे, कर्दळी, आंबेहळद अशी दाट हिरवाई होती. छत्रीचा आधार घेऊन त्या चराशी उभ्या राहिल्या आणि कापलेल्या टोकांकडे बघत म्हणाल्या, "एवढी मुळं एकदम? मी तर बोटाने चाचपून जागा शोधते. मूळ लागलं की सरकायचं."

प्रणित हसून म्हणाला, तेवढा वेळ कुणाला आहे बाई. चर नव्या मातीने भरून त्याने वर हातानेच वाफे करून दिले.

आणि हळद आली. काय आली! पाऊस लागला तशी हातभर झाली, मग कमरेएवढी. अळूची पानं सुपासारखी रुंद. मॅडमनी फोटो मागवले, ते पुढे पाठवले, आणि तालुक्याचे साहेब स्वतः परसबाग बघायला येणार असा निरोप आला. हैबतरावांनी अंगणवाडीला नवा रंग लावून दिला. एवढं कौतुक प्रतिक्षाच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मुळं, गोणी, सगळं ती विसरून गेली.

जुलैतल्या एका सकाळी ती अळूची पानं कापायला वाफ्यात उतरली. पाऊस थांबला होता, पण खाडीकडून वारा सुटला होता. वर शिरीषाच्या फांद्या घुसळत होत्या. ती वाकली, विळा देठाला लावला, आणि तिच्या पायाखालची जमीन वर आली.

फार नाही. झोपलेल्या माणसाची छाती वर येते तेवढीच. मग खाली गेली. वाऱ्याचा पुढचा झोत आला आणि जमीन पुन्हा वर आली. हळदीची ओळच्या ओळ उचलली गेली आणि बसली. प्रतिक्षाच्या हातून विळा गळाला. खाली बघते तर बुंध्यापासून थोड्या अंतरावर, चराच्या काठाने, एक भेग गेली होती. वर येताना ती उघडत होती आणि खाली जाताना मिटत होती.

कशीबशी ती पडवीत पोचली आणि धोंडुबाईचा हात धरून तिला बाहेर आणलं. तोवर वारा पडला होता. जमीन निवांत होती. धोंडुबाईने वाफ्यात दोन्ही पायांनी धपाधप उड्या मारून दाखवल्या. म्हणाली, तुला चक्कर आली असंल, सकाळचं काय खाल्लंस.

हैबतराव आले. त्यांनी भेग पाहिली, तिच्यावर चप्पल दाबली, झाडाच्या बुंध्यावर थोपटलं.

"नवा भराव हाय बाई, बसतोय तो," ते म्हणाले.

"भेग उन्हाळ्यात पडते भाऊ. भर पावसात कशी पडंल?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि क्षणभर तिला वाटलं की हे ऐकतायत. पण मग ते हसले. कोठीतल्या सापाची आठवण त्यांनी काढली नाही, तरी ती त्यांच्या डोळ्यांत दिसली. फांद्या छाटायला परवानगी लागते, अर्ज करून ठेवतो, साहेबांची भेट होऊन जाऊ दे, असं सांगून ते गेले.

यात प्रतिक्षाची अडचण अशी होती की तिचा स्वतःवरही विश्वास नव्हता. आजवर ज्या ज्या गोष्टीला ती घाबरली होती, त्यातली एकही खरी निघाली नव्हती. मग हीच खरी कशावरून? नवरा आदेश कंपनीतून शिफ्ट करून आला, त्याला तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि जेवताजेवता म्हणाला, तुला आता झाडाचीपण भीती वाटायला लागली का. तो वाईट नव्हता, दमलेला होता.

शेवटी तिने माहेरी पेणला फोन लावला. तिचे वडील जनू आयुष्यभर मिठागरावर राबले होते. तिच्या लहानपणी उधाणाच्या भरतीत खारबांध फुटून खांड पडली आणि खाडीचं पाणी रात्रीत घरात शिरलं होतं. त्याच्या आदल्या सकाळी जनूने बांधातून सुतळीएवढी धार झिरपताना पाहिली होती आणि तो सगळ्यांना सांगत फिरला होता. कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता म्हाताऱ्याने लेकीचं सगळं शांतपणे ऐकलं. धीर दिला नाही, वेड्यातही काढलं नाही. एवढंच विचारलं, "पावसाचं पाणी भेगंत उभं ऱ्हातंय का आत जातंय?"

दुसऱ्या दिवशी तिने भेगेत बादली ओतली. पाणी उभं राहिलं नाही. दुसरी ओतली. तीही खाली गेली, आणि खोलवर कुठेतरी गटगट असा आवाज आला. म्हणजे बुंध्याखाली पोकळी होती. ज्या मुळांनी झाडाला पश्चिमेकडून धरून ठेवलं होतं ती आपण कापली, आणि वारा पश्चिमेचा, आणि पूर्वेला खोली. हे सगळं तिला एकदम, एखादी दोरी कापलेली होडी कुठे जाणार ते कळावं तसं कळलं.

त्याच सकाळी तिने पोरं मिरियमबाईंच्या पडवीत नेली. मिरियमबाईंनी एका शब्दाने का म्हणून विचारलं नाही. चटया काढल्या, फळ्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. दाराच्या चौकटीला तिरकी ठोकलेली छोटीशी पेटी बघून पोरांनी विचारलं तेव्हा यात देवाचं नाव आहे, जाता-येता हात लावा, असं सांगितलं, तर पोरं दिवसभर नुसती जा-ये करत राहिली.

मॅडमचा फोन आला. वरून परवानगी आल्याशिवाय अंगणवाडी हलवता येत नाही, हे तुम्हाला माहीत नाही का? प्रतिक्षा चाचरत भेगेचं सांगू लागली. मॅडम म्हणाल्या, लेखी कळवा. नोकरी जाईल, अशी भीती तिला वाटू लागली. आता तिला दोन गोष्टींची भीती होती आणि दोन्ही एकमेकींच्या उलट्या दिशेला ओढत होत्या.

मग पावसाने उघडीप दिली. वारा पडला. स्वच्छ ऊन पडलं. शिरीष जिथल्या तिथे उभा होता, उलट धुऊन काढल्यासारखा हिरवागार. जाणारे-येणारे पडवीकडे बघून विचारायचे, सहल कधी संपणार बाई? धोंडुबाईला तर खिचडीची पातेली रस्त्यापलीकडून आणावी लागत होती, म्हणून ती रोज कुरकुरायची. दुपारी पोरं झोपली की मिरियमबाई प्रतिक्षाला आपल्या आंब्याखाली नेत. बोटं मातीत घालून मुळांमधली सैल जागा शोधायच्या, वीतभर रोप तिथे अलगद बसवायच्या, वर कुजलेल्या पानांचा थर द्यायच्या. मोठं रोप लावू नको, म्हणायच्या, लहान असलं की ते झाडाबरोबर जमवून घ्यायला शिकतं. प्रतिक्षा मान डोलवायची, पण तिचं लक्ष रस्त्यापलीकडे असायचं.

साहेबांच्या भेटीचा दिवस ठरला तेव्हा हैबतराव स्वतः आले. त्यांनी हात जोडले. फक्त सकाळपुरतं, म्हणाले, साहेबांनी परसबाग बघितली, पोरांबरोबर फोटो काढला की संपलं, मग पाहिजे तर वर्षभर इथे बसा. आकाश निरभ्र होतं. इतक्या दिवसांत काही झालं नव्हतं. प्रतिक्षा नाही म्हणू शकली नाही. लोकांना नाही म्हणायचीही तिला भीतीच वाटायची.

त्या दिवशी पहाटेपासूनच पाऊस कोसळू लागला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं, साहेबांची गाडी तिथे अडकली, असा निरोप आला. पण आता पोरं धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून खोलीत बसली होती. हैबतराव दारात हार घेऊन उभे होते. पडवीत धोंडुबाईची खिचडी शिजत होती. साहेब उशिरा का होईना, येणार होते.

आणि वारा सुटला.

पहिला झोत आला तेव्हा प्रतिक्षा फळ्यावर बदक काढत होती. पत्र्यावर काटक्या वाजल्या. तिने खडू ठेवला. पोरांना गाणं म्हणायला लावलं आणि छत्रीही न घेता मागे गेली.

भेग आता भेग राहिली नव्हती. हात जाईल एवढी फट झाली होती आणि वाफ्यातलं सगळं पाणी तिच्यात ओढलं जात होतं. झोत आला की हळदीचा अख्खा वाफा गुडघ्याएवढा उचलला जात होता आणि झोत ओसरला तरी पूर्ण खाली बसत नव्हता. प्रत्येक खेपेला तो थोडासा वरच राहत होता. तेवढ्यात जमिनीखाली ठप् असा आवाज झाला. ओल्या दोरखंडाचा पीळ तुटावा तसा. मग दुसरा.

ती धावली. दारात पोचली, तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. पोरं गात होती, हात हलवून बदकासारखी चालून दाखवत होती. तिने दाराजवळची दोन पोरं काखेत उचलली आणि बाहेर पळाली. बाकीच्यांना काय कळलं देव जाणे. काही हसत मागे धावली, काही तिचा चेहरा बघून रडायला लागली. हैबतराव वाटेत आडवे आले.

"बाई, आता साहेब येतील..."

तिने त्यांना ढकललं. ज्या माणसासमोर ती कधी खुर्चीवर बसली नव्हती, त्याच्या छातीवर खांदा मारून तिने वाट काढली. हार चिखलात पडला. हैबतराव थक्क होऊन बघत राहिले, पण मग त्यांच्याही कानावर तो आवाज आला असावा. वळून ते आत गेले आणि उरलेली पोरं दोन्ही हातांनी बाहेर लोटू लागले. रस्त्यापलीकडे मिरियमबाई पावसात उभ्या राहून एकेका पोराला फाटकातून आत ओढत होत्या.

प्रतिक्षाने डोकी मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती. मनस्वीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की धोंडुबाई नाही.

धोंडुबाई बाहेर आली होती, आणि गॅस चालू राहिला म्हणून परत गेली होती, असं हैबतराव सांगत होते.

प्रतिक्षाचे पाय रस्त्याला चिकटले. हे ती नंतरही कुणापासून लपवत नसे. जायचं नाही, असंच तिच्या सगळ्या अंगाने ठरवलं होतं. शिरीषाची सावली खोलीवर गडद होत चालली होती, कारण झाड वाकत होतं, अगदी सावकाश, कुणी जड माणूस उठून उभा राहताना कलतो तसं. आपण कशा गेलो ते तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पडवीत खिचडीचा वास होता, आणि धोंडुबाई फडक्याने पातेलं धरून उभी होती.

"थांब गो, एवढी पोरांची खिचडी..."

प्रतिक्षाने तिच्या पदराला हात घातला आणि मागे झुकून सगळ्या ताकदीने ओढलं. पातेलं पडलं. दोघी उंबऱ्यावर अडखळल्या. आणि मग पानांचा प्रचंड सळसळाट झाला, समुद्र अंगावर यावा तसा, आणि पत्रे किंचाळले.

प्रतिक्षाला चिखलात पडल्याचं कळलं. तोंडात माती होती. हातात अजून पदर होता. दुसऱ्या टोकाला धोंडुबाई शिव्या देत होती. तिच्या डाव्या पायावर फांदी आडवी पडली होती, आणि पाय जिथे वळू नये तिथे वळला होता. पण ती शिव्या देत होती, आणि त्या ऐकून प्रतिक्षा हमसून हमसून रडली.

पाऊस ओसरल्यावर सगळी वाडी जमली. खोली राहिली नव्हती. भिंतीवर काढलेली बदकं, फळा, लहान खुर्च्या, सगळं फांद्यांखाली. आणि पलीकडे शिरीषाचं बूड जमिनीतून उखडून भिंतीसारखं उभं राहिलं होतं, दोन पुरुष उंच. खोलीकडच्या अंगाची मुळं वेडीवाकडी पिळवटून तुटली होती. पश्चिमेकडची तेवढी सरळ, एका रेषेत कापलेली होती, आणि टोकं काळी पडून कुजत चालली होती. त्यांच्यावर हळदीची झुडपं तशीच लटकत होती, हिरवीगार.

प्रणित कामावरून धावत आला. मनस्वीला त्याने छातीशी धरलं होतं आणि तो त्या कापलेल्या टोकांकडे बघत होता.

"बाई, मी कापली," तो म्हणाला.

"जागा मी दाखवली," प्रतिक्षा म्हणाली.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर हैबतरावांनीच गाडी काढून धोंडुबाईला रोह्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिच्या पायात सळई बसेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

अंगणवाडी मिरियमबाईंच्या पडवीत भरायला लागली, या वेळी रीतसर परवानगीने. मॅडम भेटायला आल्या तेव्हा त्यांनी प्रतिक्षाचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. सगळे तिला शहाणी म्हणायला लागले. पण तिला शहाणी झाल्यासारखं वाटत नव्हतं. ती पूर्वीपेक्षा जास्त भित्री झाली होती. वरसे गावच्या बाजारात जायचं तर आदेशला झाडं नसलेल्या रस्त्याने गाडी घ्यायला लावायची, आणि तोही आता न बोलता घ्यायचा. ओला दोरखंड तुटल्याचा आवाज तिला जाता-येता ऐकू यायचा.

त्यातही एक नवीनच गोष्ट झाली होती, आणि ती तिला कुणाला सांगता येत नव्हती. पूर्वी ती घाबरली की लोक हसायचे, आणि त्या हसण्याने तिची अर्धी भीती उतरायची. आता कुणी हसत नव्हतं. विहिरीचा कठडा कललाय का, असं ती एकदा सहज म्हणाली, तर दुपारपर्यंत लोकांनी विहिरीभोवती दोरी बांधली. आभाळ भरून आलं की बायका तिच्या तोंडाकडे बघायच्या. अख्ख्या वाडीची भीती एकटीने वाहायची, हे तिला जड जात होतं.

गणपती होऊन गेल्यावर धोंडुबाई काठी टेकत पहिल्यांदा पडवीत आली आणि खुर्चीवर बसून भाजी निवडायला लागली. दुपारकडे वारा सुटला. अंगणातला आंबा घुसळला. पोरं गायची थांबली आणि सगळ्यांच्या नजरा प्रतिक्षाकडे गेल्या. मिरियमबाईंच्यासुद्धा. तिच्या हातातला वरणाचा डाव तसाच वर राहिला.

"तिच्याकडे काय बघताव रे," धोंडुबाई म्हणाली. "ती मांजरालापण भिते. जेवा."

एक पोर फिसकन हसलं, मग सगळीच हसली. प्रतिक्षालाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी. तरी तिने डाव खाली ठेवला, आंब्याखाली गेली, लहान लहान आंबेहळदीच्या रोपांमध्ये बसली आणि तळहात जमिनीवर टेकवला. वाऱ्याचा एक झोत जाऊ दिला. दुसरा जाऊ दिला. हाताखालची जमीन हलली नाही. मग उठून तिने हात धुतले आणि पोरांना वरण वाढायला घेतलं.